कोहालाच्या कुरणांत, घोड्याच्या पाठीवर

हवाईला जाऊन आलेल्या मराठी घरांतल्या अल्बममध्ये समुद्र असतो, ज्वालामुखी असतो, नारळाची झाडं असतात. आमच्याही आहेत. पण मला लिहायचं आहे ते तिथल्या सगळ्यांत मोठ्या बेटाच्या उत्तर टोकाला असलेल्या गवताळ डोंगराबद्दल. कोहाला त्याचं नाव. त्या उतारांवर दोनशे वर्षं गुरं चरताहेत आणि माणसं घोड्यावर बसून ती राखताहेत. या गुराख्यांना तिथे पानिओलो म्हणतात. आम्ही कॅलिफोर्नियात राहतो, टेक्सास आणि वायोमिंगच्या काउबॉयच्या गोष्टी इथे सतत कानावर पडतात. टेक्सासमधून गुरांचे मोठे तांडे उत्तरेकडे हाकायला लागले ते अमेरिकेतलं यादवी युद्ध संपल्यावर, म्हणजे १८६५ नंतर. हवाईतले गुराखी त्याच्या तीस वर्षं आधीपासून फास टाकत होते. हे कळल्यापासून मला तिथे जायचं होतं, आणि गाडीच्या काचेतून बघायचं नव्हतं. घोड्यावर बसूनच जायचं होतं.

घोड्यावर बसण्याचा माझा आधीचा अनुभव माथेरानचा. दस्तुरी नाक्यापासून घोडेवाला दोर धरून पुढे चालणार, आपण वर बसून झाडं बघणार. लगाम हातात कधी आलाच नव्हता. लेकीने मात्र कॉलेजात थोडं शिकून घेतलं होतं. ती पर्यावरणशास्त्र शिकते, त्यामुळे तिला घोड्यापेक्षा त्या डोंगरावरच्या गवताविषयी जास्त प्रश्न होते. ते पुढे येतीलच.

नाव नोंदवताना वय, उंची, वजन आणि अनुभव विचारतात. वजनाबद्दल ते अगदी काटेकोर असतात आणि ते योग्यच आहे, कारण भार घोड्याने वाहायचा असतो आणि चढ-उतार खरे डोंगरातले असतात. अनुभवाच्या रकान्यात मी ‘नाही’ लिहिलं. त्यावरून घोडा निवडतात, म्हणून तिथे खरं लिहावं. पूर्ण पायघोळ पँट, टाच असलेले बंद बूट, वाऱ्याचं जाकीट आणा, असं कळवलं होतं. टाच कशासाठी, तर पाय रिकिबीतून, म्हणजे पाय ठेवायच्या कड्यातून, आरपार जाऊ नये म्हणून. पडलं तर पाय अडकून फरपटत जाण्याचा धोका असतो.

कोनाच्या विमानतळावरून निघालं की बराच वेळ काळा, थिजलेला लाव्हा लागतो. कावाईहाए बंदराच्या आसपास तर हवाईतल्या सर्वांत कोरड्या जागा आहेत. तिथे आपल्या वेड्या बाभळीच्या जातकुळीतली कियावेची काटेरी झाडं आणि निवडुंग दिसतात. तिथून रस्ता चढायला लागतो आणि अर्ध्या तासाच्या आत हवा गार, अंगावर भुरभुर पाऊस, आणि समोर वायमेआ. जेमतेम आठशे मीटर उंचीवरचं गाव, पण पाऊस वाऱ्याबरोबर आडवा येतो. या गार वाऱ्यापावसाला तिथे स्वतःचं नाव आहे, किपुउपुउ. गावाच्या पुढे कोहाला डोंगराचा रस्ता हजार मीटरच्या वर चढतो आणि दोन्ही कडांना सुरूच्या झाडांच्या रांगा लागतात. कोकणच्या किनाऱ्यावर वाढलेल्या माणसाला सुरू म्हणजे वाळू आणि लाटा. इथे ते कुरणांसाठी वारा अडवायला लावलेले. मी गाडी थांबवून त्यांच्यातून येणारा तो ओळखीचा सूं-सूं आवाज ऐकला.

रँचवरच्या पत्र्याच्या शेडमध्ये आमची वाटाड्या भेटली. तिशीतली, रापलेली, टोपीभोवती फुलांची आणि नेच्यांची माळ. तिचे पणजोबा याच डोंगरावर पानिओलो होते, वडीलही. मला तिने पहिल्या वाक्यापासून ‘आंटी’ म्हटलं. हवाईत वयाने मोठ्या माणसाला आंटी-अंकल म्हणायची रीतच आहे, आपल्याकडच्या काकू-काकांसारखी, आणि त्या एका हाकेने माझी निम्मी भीती गेली. जबाबदारीच्या कागदांवर सह्या झाल्या, हेल्मेट डोक्यावर बसलं. मला एक कुमैत रंगाची, बुटकी, रुंद छातीची घोडी दिली. “वर चढायच्या आधी तिच्याजवळ जाऊन उभ्या राहा, आंटी. तिला तुमचा वास घेऊ दे.” मी मानेवर हात ठेवला. आत काहीतरी मोठं, ऊबदार आणि शांत हलत होतं.

चढायचं डाव्या बाजूने. लाकडी पायऱ्या ठेवलेल्या असतात, त्यामुळे उडी मारावी लागत नाही. डावा पाय रिकिबीत, हात अयाळीवर, आणि उजवा पाय पाठीवरून अल्लद पलीकडे. खोगिरावर धपकन बसायचं नाही, कारण ते सगळं घोड्याच्या कण्याला लागतं. मी बसल्यावर तिने तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा, आवळला. थोडं चालून झाल्यावर पुन्हा सगळ्यांना थांबवलं आणि एकेकाचा तंग पुन्हा आवळला. खोगीर चढवताना पुष्कळ घोडी पोट फुगवून धरतात, मग चालायला लागली की श्वास सोडतात आणि तंग ढिला पडतो. तो तसाच राहिला तर उतारावर खोगीर स्वारासकट एका बाजूला फिरतं. तिने हे सांगितलं आणि माझ्या मनात तिच्याविषयी पक्का विश्वास बसला.

मग लगाम. दोन्ही दोऱ्या एकाच हातात, डाव्या. उजवीकडे जायचं तर हात उजवीकडे न्यायचा, म्हणजे डावी दोरी घोडीच्या मानेला टेकते आणि ती त्या स्पर्शापासून दूर वळते. ओढाताण नाही. थांबायचं तर आधी आपण कमरेतून मागे, खाली बसायचं, मग हात किंचित मागे. उजवा हात मोकळा. तो मोकळा का, हे तिने घोड्यावर बसल्या बसल्या दाखवलं: खोगिरावर टांगलेला दोर सोडला, डोक्यावर दोनदा फिरवला आणि कुंपणाच्या खांबावर फास टाकला. खोगिराच्या पुढे जो उभा खुंटा असतो तो नवख्यांना धरायला दिला आहे असं मी समजत होते. फासात जनावर सापडलं की दोराचे वेढे त्या खुंट्यावर घ्यायचे, म्हणजे बैलाचा सगळा जोर माणसाच्या हातावर न येता खोगिरावर आणि घोड्यावर येतो. सगळं खोगीर त्या एका क्षणासाठी बांधलेलं असतं.

ही विद्या हवाईत आली ती मेक्सिकन गुराख्यांकडून. १८३० नंतर काही वर्षांतच राजा तिसरा कामेहामेहा याने कॅलिफोर्नियातून, तेव्हा तो मेक्सिकोचा भाग होता, घोडेस्वार गुराखी बोलावून घेतले. कारण बेटावर रानटी गुरांचा कहर झाला होता. त्याची सुरुवात १७९३ सालची. इंग्रज दर्यावर्दी जॉर्ज व्हँकूव्हर याने पहिल्या कामेहामेहाला कॅलिफोर्नियातून आणलेली लांब शिंगांची गुरं भेट दिली. ज्या बेटांवर पॉलिनेशियन लोकांनी आणलेली डुकरं आणि कुत्री, आणि नंतर जहाजांतून उतरलेल्या शेळ्या यांखेरीज मोठं चौपायी जनावर नव्हतं, तिथे ही भेट. कळप वाढावा म्हणून राजाने त्यांच्यावर कापू, म्हणजे धार्मिक निषेध, घातला. मारणाऱ्याला मृत्युदंड. गुरं वाढली, भरमसाट वाढली. शेतं तुडवली, तारोची, म्हणजे अळूची, रोपं खाल्ली, माणसांवर धावून गेली. लोकांना शेतांभोवती दगडी गडगे घालावे लागले. कोनाकडे कुआकिनी नावाच्या राज्यपालाच्या काळातली तशी लांबलचक भिंत आजही उभी आहे. निषेध उठला तो १८३० मध्ये. त्या काळात मौना केआ या ज्वालामुखीच्या उतारांवर खड्डे खणून गुरं पकडायचे. डग्लस फर या झाडाला ज्याचं नाव आहे तो स्कॉटिश वनस्पतिशास्त्रज्ञ डेव्हिड डग्लस १८३४ मध्ये अशाच एका खड्ड्यात मेलेला सापडला. खड्ड्यात आधीच अडकलेला बैल होता.

हे सगळं मी वाचून गेले होते. पण वाटाड्या ते सांगत असताना आम्ही ज्या उतारावरून चाललो होतो, तिथून उजवीकडे खाली कावाईहाए दिसत होतं, समोर हुआलालाई ज्वालामुखी, त्यामागे मौना लोआचा लांबच लांब पसरट माथा, पाठीशी समुद्रापलीकडे ढगांवर तरंगणारा माउई बेटावरचा हालेआकाला. १८०३ मध्ये बेटावरचा पहिला घोडा याच कावाईहाए भागात उतरला, रिचर्ड क्लीव्हलँड नावाच्या व्यापाऱ्याच्या जहाजातून. राजाला त्या जनावराचं फार कौतुक वाटलं नाही असं म्हणतात. त्याच्या लोकांना मात्र वाटलं. काही दशकांत बेटावरचे लोक, बायकासुद्धा, सगळीकडे घोड्यावरून हिंडू लागले.

लेक मध्येच बोलली, “आई, हे गवत बघ. हे इथलं नाहीच.” खरंच नव्हतं. घोडीच्या खुरांखाली दाट, लवलवतं, जाडसर पाती असलेलं किकुयू गवत होतं, आफ्रिकेतलं. वाटाड्याने घोडा वळवला आणि तिच्याकडे बारकाईने पाहिलं. मग म्हणाली की तिच्या पणजोबांच्याही आधी इथे जंगल होतं, आणि ते गुरांनी खाल्लं, हे या डोंगरावरच्या प्रत्येक घरात माहीत आहे. मौना केआवर मामाने नावाच्या झाडांचं रान गुरं आणि मेंढ्यांनी इतकं खाल्लं, की त्याच्या शेंगांवर जगणारा पलिला हा पिवळ्या डोक्याचा पक्षी आज नामशेष होण्याच्या काठावर आहे. आता ज्या पाणलोटांना कुंपण घातलंय तिथे झाडं पुन्हा लावताहेत. हे बोलताना तिचा आवाज दबला नाही, उसना दिलगीरही झाला नाही. आमच्या माणसांनी ही गुरं मागितली नव्हती, ती म्हणाली, पण आली तेव्हा त्यांना आवर घालायला आम्हीच शिकलो. लेकीचे प्रश्न तिला आवडले. पुढे अर्धा रस्ता त्या दोघी शेजारी शेजारी होत्या.

आणि पाहुणे फक्त गुरं नव्हती. घोड्यांच्या मागेमागे, गवतातून उडणारे किडे टिपत, गायबगळे चालत होते. ते इथे १९५९ मध्ये फ्लोरिडाहून मुद्दाम आणले, गुरांवरच्या माशा कमी व्हाव्यात म्हणून. कुंपणाच्या तारांवर साळुंक्या, तशाच भांडखोर. त्या १८६५ मध्ये भारतातून आणल्या, पिकावरच्या अळ्या खाण्यासाठी. शेडजवळ एक मुंगूसही सुर्रकन रस्ता ओलांडून गेलं. मुंगुसं १८८३ मध्ये जमैकाहून आली, आणि जमैकात ती त्याआधी भारतातून गेलेली होती. उसाच्या मळ्यातले उंदीर मारायला आणलेल्या या मुंगसांनी जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांची अंडी फस्त केली. अंगणातले हे तिन्ही ओळखीचे जीव पाहून आधी हसू आलं, मग नाही आलं.

चढावर पुढे झुकायचं, उतारावर मागे रेलायचं, हे दोन-तीन चढ-उतारांत अंगात उतरलं. घोडीला गवत खायला मान खाली घालू द्यायची नाही हे मात्र जड गेलं. ती माझी परीक्षा घेत होती. पुढच्या घोड्यापासून एका घोड्याचं अंतर ठेवायचं, आणि तिच्या कानांकडे लक्ष द्यायचं. कान ज्या दिशेला, लक्ष त्या दिशेला. दोन्ही कान मागे चिकटले तर राग. वाऱ्याने कुंपणावर प्लास्टिकची पट्टी फडफडली तेव्हा तिचे कान आधी तिकडे वळले, मग अंग ताठ झालं. मी श्वास सोडला, मांड्या सैल केल्या, “शांत गं, शांत” असं मराठीत म्हणाले. ती ढिली पडली. आपण घट्ट झालो की तीही घट्ट होते.

उघड्या कुरणात आल्यावर दुडकी. पहिली काही पावलं भयंकर, खालून धक्के, दात एकमेकांवर. मग वाटाड्या शेजारी आली आणि म्हणाली, टाचा खाली, गुडघे सोडा, तिच्या लयीबरोबर रिकिबीवर किंचित उठा आणि बसा. एक-दोन, एक-दोन. बराच वेळ जमेना. मग अचानक जमलं, आणि धक्के नाहीसे झाले. ‘पक्की मांड’ हे शब्द मी लहानपणापासून बखरी आणि इतिहासाच्या पुस्तकांतून वाचत आले. ती मांड म्हणजे पायांनी घोडा आवळणं असेल अशी माझी समजूत होती. ती कमरेत असते, आणि सैल असते. शेवटी एका लांब, चढत्या पट्ट्यात तिने विचारलं, “आंटी, दौडायचं?” मी हो म्हटलं. दौड दुडकीपेक्षा कितीतरी सोपी आहे, हे कुणी आधी सांगितलं नव्हतं. घोडीचं सगळं अंग लांब झालं, वारा कानांत भरला. मी पन्नाशी ओलांडलेली बाई, आणि मला ते संपू नये असं वाटत होतं.

त्या पट्ट्याच्या वर गुरं होती. काळ्या अँगस गाई, काही तांबड्या-पांढऱ्या तोंडाच्या हिअरफर्ड, बरोबर वासरं. आम्ही लांबून, वळसा घालून गेलो. दोन जनावरांच्या मधून, विशेषतः गाय आणि वासरू यांच्या मधून, जायचं नाही. आम्ही शाकाहारी आहोत, आणि गाईविषयी माझ्या घरात जी भावना आहे ती माझ्याबरोबर तिथेही होती. ही वासरं कशासाठी वाढताहेत हे ठाऊक असून मी त्यांच्याकडे पाहत होते, आणि त्याचा त्रास झाला. तो त्रास मी घालवायचा प्रयत्न केला नाही. वाटाड्याला विचारलं, तर तिने सरळ सांगितलं. धान्य खाऊ घालून गुरं इथे वाढवायची तर धान्य समुद्रापलीकडून आणावं लागतं, ते परवडत नाही. म्हणून हवाईतली पुष्कळशी वासरं दूध सुटल्यावर खास कंटेनरांत घालून जहाजाने मुख्य भूमीवर जातात, तिथे वाढतात, आणि दुकानात मात्र मुख्य भूमीवरचं मांस परत येतं. काही रँच आता गुरं शेवटपर्यंत गवतावर ठेवून बेटावरच विकायचा प्रयत्न करताहेत. तिला ते व्हावंसं वाटतं. वासराला जहाजात चढवताना बघवत नाही, एवढंच ती म्हणाली.

उतरल्यावर पाय थरथरत होते. खोगीर काढणं, अंगावरचा घाम पुसणं, खरारा करणं, ही कामं पाहुण्यांनी करायची नसतात, पण मी मागून घेतली. खोगिराखालची ओली पाठ पुसताना जी ओळख होते ती वर बसून होत नाही. शेडच्या भिंतीवर एक जुनं खोगीर टांगलेलं होतं, लाकडी सांगाड्यावर कच्चं चामडं ताणून केलेलं, पणजोबांचं. शेजारी एका बाईचा फोटो, घोड्यावर दोन्ही बाजूंना पाय टाकून बसलेली, भलामोठा घोळदार पायघोळ झगा, गळ्यात फुलं. ती वाटाड्याची आजी. या स्वार स्त्रियांना पाऊ रायडर म्हणतात. युरोप-अमेरिकेतल्या बायका एका अंगाला पाय टाकून बसत होत्या त्या काळात हवाईतल्या बायका पुरुषांसारख्या मांड घालून दौडत, आणि कपडे खराब होऊ नयेत म्हणून वरून लांब कापड गुंडाळत. आज दर ११ जूनच्या आसपास, कामेहामेहा दिनाच्या मिरवणुकीत, प्रत्येक बेटाची राणी आपापल्या बेटाच्या रंगाच्या कपड्यांत आणि फुलांत घोड्यावर निघते. या सगळ्यांत मोठ्या बेटाचा, बिग आयलंडचा, रंग लाल, फूल लेहुआ. वाटाड्या स्वतःही त्या मिरवणुकीत स्वार झाली आहे.

परतताना वायमेआत आम्ही इकुआ पर्डीचा पुतळा पाहिला. इथल्याच पार्कर रँचचा पानिओलो. ही रँच जॉन पामर पार्कर या मॅसॅच्युसेट्सहून आलेल्या खलाशाने १८४७ मध्ये सुरू केली. तो १८०९ मध्ये कोवळ्या वयात जहाज सोडून बेटावर राहिला, राजाच्या परवानगीने रानटी गुरांची शिकार केली आणि कामेहामेहाच्या घराण्यातल्या किपिकाने हिच्याशी लग्न केलं. आजही रँचकडे सुमारे १,३०,००० एकर जमीन आहे. १९०८ च्या ऑगस्टमध्ये पर्डी आणि त्याचे दोन सोबती वायोमिंगमधल्या शायेनला गेले, जिथे काउबॉयची सगळ्यांत मोठी स्पर्धा भरायची. स्वतःचे घोडे नेता आले नाहीत, मागून घेतलेल्या, अनोळखी घोड्यांवर उतरले. बैलाला फास टाकून, पाडून, बांधायचं. पर्डीने ते ५६ सेकंदांत केलं आणि जगज्जेता झाला. त्याचा सोबती आर्ची काआउआ तिसरा, जॅक लो सहावा. एक हात लगामाला आणि एक दोराला ठेवून धावत्या बैलाशी जुळवायचं, तेही अंगवळणी नसलेल्या घोड्यावर. सकाळी एका हाताने नुसतं डावं-उजवं वळताना मला जेवढं लक्ष लागलं होतं, त्यावरून त्या ५६ सेकंदांचं वजन मला कळत होतं.

मग कावाईहाएला उतरलो. धक्का नव्हता तेव्हा इथून गुरं जहाजावर चढवायची रीत अशी होती: पानिओलो घोड्यावरून बैलाला ओढत समुद्रात घालायचे, घोडा पोहत, बैल पोहत, पलीकडे होडी उभी. बैलांची डोकी होडीच्या कडेला बांधायची, दोन्ही बाजूंना रांगेने, आणि होडी तशीच बाहेर उभ्या असलेल्या आगबोटीपर्यंत वल्हवत न्यायची. तिथे पोटाखालून पट्टा घालून एकेक जनावर वर उचलायचं. लाटांत आणि शार्कच्या पाण्यात हे काम करणारे घोडे वेगळे शिकवलेले असत. आज तिथे सिमेंटचा धक्का आहे, कंटेनर आहेत, क्रेन आहे.

जाणार असाल तर एवढं करा. एकामागे एक रांगेत चालवणारी रपेट घेऊ नका. चालू रँचवर, उघड्या कुरणात, गुरांच्या जवळून नेणारी, तुमचा अनुभव विचारून घोडा देणारी रपेट शोधा. सकाळची घ्या, दुपारनंतर कोहालावर ढग उतरतात. ऊन कडक असलं तरी जाकीट न्या. आणि वायमेआला निदान एक रात्र राहा, किनाऱ्यावरच्या हॉटेलातून धावत येऊ नका. लेक आणि मी आता घराजवळच्या तबेल्यात शनिवारी शिकायला जातो. शिकवणाऱ्या बाई दोन्ही हातांत लगाम धरायला शिकवतात. मी त्यांना एका हाताचं शिकवायला सांगितलं आहे.